नानांची पातळ तार

नाना चपला काढल्याशिवाय स्टेजवर चढत नसत. त्यात भक्तिभाव वगैरे काही नव्हता. देवधर्म त्यांच्याकडून नानी करून घेतील तेवढाच. त्यांचं म्हणणं असं, की बास गिटारचा सूर आधी तळपायाला कळतो आणि मग कानाला. म्हणून कार्यक्रमाच्या आधी ते अनवाणी स्टेजभर फिरायचे, एकेका फळीवर उभं राहून जाड तार छेडायचे, आणि एखादी जागा पसंत पडली की तिथे खडूने फुली मारायचे. मग कार्यक्रम संपेपर्यंत त्या फुलीवरून हलायचं नाव नाही. जळगावच्या मे महिन्यात ऊन उतरलं तरी स्टेज तापलेलंच असतं. नाना एकदा या पायावर, एकदा त्या पायावर असे होत राहायचे आणि लोकांना वाटायचं, म्हातारा काय रंगात आलाय! मी एकदा म्हटलं, "नाना, मोजे तरी घाला हो." तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच वेडंवाकडं बोलले.

"मोजा घालीसन काय ऐकू येई, माय?"

मी धुळ्याची. देवपुरात माझा शिवणक्लास आहे, आणि लग्नाच्या आधीपासून मी ऑर्केस्ट्रात गाते. ऑर्केस्ट्रा जळगावचा. हळदी, वाढदिवस, सेवापूर्ती, गणपती, नवरात्र, जे येईल ते. मालक स्वतः कीबोर्ड वाजवतात, एक गिटारवाला, ड्रमच्या जागी एक पॅडवाला, गायक एक, गायिका मी, आणि बासवर नाना. पार्टीत मला सगळे अक्का म्हणतात, नानासुद्धा, पण मनातून खूश असले किंवा मी चुकीचं काही बोलले की त्यांच्या तोंडून 'माय' निघायचं. दोन्हीतलं नक्की काय, ते चेहरा बघून ओळखायचं.

नानांचं पोटापाण्याचं काम वेगळं. जळगावात बाजाराच्या मागे त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. केळीवाल्यांच्या विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी यायच्या, त्यांच्यात नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायची. दिवसभर तार, संध्याकाळी पण तार. नानी म्हणायच्या, "माझ्या सासऱ्यांनी यांचं नाव तारासिंग ठेवायला पाहिजे होतं." आणि नाना हे ऐकून स्वतःच सगळ्यात जास्त हसायचे.

सामानाच्या बाबतीत मात्र माणूस महाहट्टी. त्यांचं गिटार कुठल्या कंपनीचं हे आम्हाला कुणालाच माहीत नाही, कारण डोक्यावरचं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी पॉलिशपेपर घेऊन घासून काढलं होतं. नव्या पोरांना हे सहन व्हायचं नाही. कुठेही गेलो की कुणीतरी पोरगा यायचाच, "काका, कोणतं मॉडेल आहे?" नाना म्हणायचे, "बैल लेतांना शिंगडावर नाव वाचतस का?" पोरगा गोंधळून बघत राहायचा, कारण आजकालच्या पोरांनी बैल कशाला घेतलाय!

त्यांचा स्पीकरचा खोका धुळ्याच्या एका रेडिओवाल्याने बांधून दिलेला. लाकूड जुन्या कपाटाच्या दाराचं, त्याला अजून कडी आहे. पुढच्या बाजूला जाळी म्हणून चक्क सरकीच्या पोत्याचं बारदान ठोकलेलं. मालकांनी किती वेळा सांगितलं की नाना, फोटोत बरं दिसत नाही, निदान काळं कापड लावा. नाना म्हणाले, बारदानातून आवाज गाळून येतो. आता आवाज काय चहा आहे गाळायला? पण खोका बदलला नाही. आमच्या गिटारवाल्याने एकदा पायाने दाबायची आठ-दहा बटणांची पेटी आणली होती. नानांनी ती सगळ्या बाजूंनी नीट पाहिली, खाली वाकून पाहिली, आणि विचारलं, "पिको-फॉल बी व्हस का हिच्यामा?" तो बिचारा दोन कार्यक्रम पेटी बंद ठेवून बसला होता.

आणि तारा! बाकीचे वाजवणारे तारा बदलतात. नाना उकळायचे. खरंच सांगते, पातेल्यात पाणी, चिमूटभर खायचा सोडा, आणि त्यात गिटारच्या चारही तारा गुंडाळी करून सोडायच्या. मळ सुटतो आणि तार परत बोलायला लागते म्हणे. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा गॅसवर काहीतरी रटरटत होतं. मला वाटलं जेवायला थांबवणार आहेत. झाकण उचललं तर आत तारा! नानींनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, "बस, आज आमच्याकडे हीच शेवभाजी आहे." त्या पातेल्याला त्यांनी लाल ऑइलपेंटचा ठिपका लावून ठेवला होता, चुकून वरण शिजायला नको म्हणून.

एकदा मे महिन्यात दुपारभर ते गिटार टेम्पोत राहिलं. नवरदेवाकडचे लोक जेवणाचा आग्रह करत होते, कुणाला आठवलंच नाही. संध्याकाळी बघतो तर उन्हाने दांडी वाकलेली. तेव्हापासून दांडीच्या वरच्या अंगाला, म्हणजे जिथे चढे सूर असतात तिथे, जाड तारा नुसत्या खरखर करायच्या. एक पातळ तार तेवढी साफ बोलायची. इंदूरच्या कारागिराने सांगितलं, दांडी बदला. नाना घरी घेऊन आले. म्हणाले, "कंबर माझी पण वाकली, मग मला पण बदलून आणता का?" आम्ही हात टेकले.

पण नानांचा खरा हट्ट सामानाचा नव्हता, गाण्याचा होता. आम्ही काय वाजवतो? दुसऱ्यांचीच गाणी. सिनेमातली, जुनी, नवी, मधूनच अहिराणी. कुणी हिणवलं की तुम्ही नुसत्या नकला करता, की आमच्या गायकाला राग यायचा. नानांना कधी आला नाही. ते म्हणायचे, "दुसराना घर जेवाले जास ना आपण? तठे पाटवर बसानं, जेवानं, चांगलं म्हणानं. तेस्ना चुल्हावर जाईसन फोडणी बदलानी नही." मूळ गाण्यात बास जसा आहे तसाच्या तसा वाजवायचा. एक सूर इकडचा तिकडे नाही. दुकानात मोटार गुंडाळताना कानात ते वायर लावून बसायचे, गिऱ्हाईक समोर उभं, आणि हे डोळे मिटून. गिऱ्हाईकाला वाटायचं आपल्या मोटारीचा विचार करताहेत.

आणि तसाच्या तसा म्हणजे पट्टीसुद्धा तीच. ज्यांना गाण्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते: पट्टी म्हणजे गाणं किती उंचावर म्हणायचं ते. गळा पोचत नसेल तर पट्टी उतरवतात, सगळेच उतरवतात, त्यात लाज नाही. पण नानांपुढे पट्टी उतरवायची गोष्ट काढायची सोय नव्हती. एका हळदीला नवरीच्या मामांना गायची हौस आली. मामा माइकजवळ येऊन म्हणाले, जरा खालून घ्या. नानांनी गिटार काढून भिंतीला टेकवलं आणि पाणी प्यायला गेले. मामांचं गाणं संपेपर्यंत पाणी संपलं नाही. मालक दात-ओठ खात होते, पण नानांना कोण बोलणार?

याच्यावरून आमची एकदा जी फजिती झाली ती अजून आठवली की मला हसू येतं. कीबोर्डला एक बटण असतं. ते दाबलं की कीबोर्ड एकेक पट्टी खाली उतरतो, वाजवणाऱ्याची बोटं मात्र जिथल्या तिथेच. अमळनेरला एका बारशाच्या कार्यक्रमात मालकांनी आधीच्या गाण्याला, नाना पाणी प्यायला गेलेले असताना, ते बटण दाबलं होतं आणि परत वर करायला विसरले. पुढचं गाणं सुरू झालं. कीबोर्ड एका पट्टीत, नाना दुसऱ्या पट्टीत. असा काही आवाज निघाला की पाळण्यातलं बाळ दचकून रडायला लागलं! मालक घाबरून इकडेतिकडे बघायला लागले, गिटारवाल्याने हात काढून घेतला. नाना शांत. फुलीवर उभे. तोंड मालकांकडे न वळवता म्हणाले, "मी मूळ पट्टीमा शे. जेनं चुकनं तेनी बदलानं."

मी मधे उभी, माइक हातात, तोंड उघडलेलं. कुणाच्या मागे जायचं? मी गेले नानांच्या मागे. डोळे मिटले आणि त्यांचा सूर धरला. तेवढ्यात मालकांना बटण सापडलं. नंतर टेम्पोत नानांनी आपल्याजवळचा भाजक्या शेंगांचा पुडा माझ्याकडे सरकवला. एरवी ते त्यातली एक शेंग कुणाला देत नसत.

आता ज्या गाण्याची गोष्ट सांगायची ते. एक जुनं नाचगाणं आहे, नाव नाही सांगत, कार्यक्रमात त्याची फर्माईश आल्याशिवाय राहत नाही. त्यात दुसरं कडवं सुरू व्हायच्या आधी सगळी वाद्यं एकदम थांबतात आणि एकटा बास धावत वर जातो. पातळ तारेवर, थेट दांडीच्या वरच्या टोकापर्यंत. चार-पाच सेकंदांचं काम. पण अख्ख्या कार्यक्रमात नानांच्या वाट्याला तेवढंच. लोकांना ती जागा पाठ झाली होती. पाचोरा, अमळनेर, एरंडोल, कुठेही जा, ती जागा आली की शिट्ट्या. "वाजव रे नाना!" नाना त्या वेळी मान फिरवून कनातीकडे बघायचे, जसं काही हे दुसरंच कुणी वाजवतंय. पण त्यांचे कान लाल व्हायचे. मी शेजारीच उभी असायची, मला दिसायचं. जन्मभर गाण्याच्या पायातले, तळाचे सूर भरणाऱ्या माणसाला ते चार-पाच सेकंद किती गोड लागत असतील!

मग माझं ऑपरेशन झालं. गळ्यात गाठ होती, ती काढली. गाठ साधी निघाली, देवाची कृपा, पण आवाज खाली आला. बोलताना कळायचं नाही, गायला लागले की कळायचं. वरचे सूर गेलेच. मी सकाळी क्लास उघडायच्या आधी दार लावून रियाज करायची आणि ठरावीक जागेवर आवाज फाटला की मशीनवर डोकं ठेवून रडायची. नवरा म्हणाला, "बस झालं आता, खूप गायलीस, घरी बस." चांगल्या मनाने म्हणाला बिचारा. पण माझा जीव तुटत होता. शिवणक्लासात मी बाई असते, घरी आई असते. स्टेजवर मी माझी असते. ते गेलं तर माझ्याजवळ काय राहणार होतं?

मालकांनी सांभाळून घेतलं. म्हणाले, सगळी गाणी उतरवू, बटण आहे कशाला! नाना काय म्हणतील या भीतीने मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. नाना पाणी प्यायला गेले नाहीत. गिटारही काढून ठेवलं नाही. मुकाट्याने उतरलेल्या पट्टीत वाजवलं. मला वाटलं, चला, जीव भांड्यात पडला.

पण गाणी बसेनात. त्याचं कारण असं. नानांच्या गिटारची सगळ्यात जाड तार जिथे संपते त्याच्या खाली त्यांना सूरच नाही. गाणं एवढं उतरलं की पायातले सूर त्या तारेच्याही खाली जायला लागले. मग नाना ते सूर वर उचलून वाजवायचे. गाणं तेच, पण खालून पोकळ. माझा आवाज आधीच जड, त्याला खाली टेकायला काही नाही. धरणगावच्या हळदीत मी गात होते आणि लोक उठून जेवायच्या रांगेत जाऊन उभे राहिले. असं माझ्या गाण्याला कधी झालं नव्हतं. मी गात राहिले, पण डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसता येत नव्हतं.

मालकांनी मला बाजूला घेतलं. वाईट माणूस नाही तो, त्यालाही पार्टी चालवायची आहे. म्हणाले, "अक्का, राग मानू नका. नवरात्रापर्यंत बघू. भुसावळची एक मुलगी आहे, आवाज वर जातो तिचा. गाण्याला खालून भरीव लागलं असतं तर तुमचं निभावून गेलं असतं. पाचतारी बास असतो ना, त्याला खाली एक जास्तीची जाड तार असते. नानांना म्हणा घ्यायला. मी म्हणून थकलो, तुमचं ऐकले तर बघा."

मला कुणापुढे पदर पसरायची सवय नाही. तरी परतताना टेम्पोत मी नानांना विचारलं. सरळच विचारलं, "नाना, पाचतारी घ्याल का? माझं गाणं वाचेल."

नाना शेंग सोलत होते. म्हणाले, "हातले बोटं चार. पाचवी तार काय दातघाई वाजाडू?"

तार दातांनी वाजवायच्या कल्पनेने पॅडवाला हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, इथे माझं सगळं संपायला आलंय आणि या माणसाला विनोद सुचतोय! इतक्या वर्षांचा सोबती, आणि एक तार जड झाली? मी खिडकीकडे तोंड करून बसले. नानांनी शेंगांचा पुडा पुढे केला, मी घेतला नाही. तो त्यांनी थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि मग खिशात घातला.

त्यानंतरचा कार्यक्रम पाचोऱ्याला होता. एका हेडमास्तरांची सेवापूर्ती, दुपारी मांडवात. मी ठरवूनच गेले होते की हा शेवटचा. मालकांनी मला काढण्याआधी आपणच सांगायचं, अक्काला आता जमत नाही. मोरपंखी साडी नेसले होते. शेवटचा तर शेवटचा, नीट तरी दिसू.

नाना आधीच आले होते. खडूची फुली मारून झाली होती आणि ते तिच्यावर उभे होते, माझ्याकडे पाठ करून. मीही पाठ करून माइक तपासला. मालकांनी बटण दाबलं, पहिलं गाणं सुरू झालं.

पहिल्याच ओळीला मला काहीतरी वेगळं लागलं. पायाखालची फळी हलत होती. सँडलमधून, तळपायातून, पोटापर्यंत काहीतरी येत होतं. पायातले सूर! जे एवढे दिवस वर उचलून वाजत होते, ते आपापल्या जागी, खाली, जाड आणि भरलेले. दमलेल्या माणसाला कुणी न बोलता मागून खुर्ची सरकवावी, तसं झालं मला. मी त्या सुरांवर माझा आवाज टेकवला आणि तो बसला. माझा जड, उतरलेला, फाटका म्हणून मीच नाक मुरडत होते तो आवाज! पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायांनी गप्पा थांबवल्या. एक जण दुसरीला कोपराने ढोसून म्हणाली, "ऐक ना, ऐक." मी ते स्टेजवरून बघितलं. मला वाटलं, नानांनी अखेर पाचतारी आणलं. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही, बघितलं असतं तर रडले असते.

एकामागून एक गाणी झाली. मग हेडमास्तरांच्या शाळेतल्या शिक्षकांनी ओरडून त्या नाचगाण्याची फर्माईश केली. सुरू केलं. पहिलं कडवं झालं. ती जागा आली. पॅड थांबला, कीबोर्ड थांबला, गिटार थांबलं, लोकांनी शिट्टीसाठी बोटं तोंडात घातली.

आणि काहीच वाजलं नाही.

मी वळले. नाना नेहमीसारखे मान फिरवून कनातीकडे बघत होते. उजवा हात तारांवर आडवा ठेवलेला. तारा चारच होत्या. पण सगळ्या जाड. एका कडेला एक जास्तीची जाड तार चढली होती आणि दुसऱ्या कडेची पातळ तार नव्हतीच. सगळ्या एकेक घर सरकल्या होत्या. वाकलेल्या दांडीवर वरपर्यंत साफ बोलणारी एकच तार, जिच्यावर ते धावत वर जायचे, ती त्यांनी काढून टाकली होती.

मला एका क्षणात कळलं. मागून कुणीतरी ओरडलं, "काय व्हयनं रे नाना?" आणि नानांचे कान लाल झाले, पण या वेळचं लाल निराळं होतं. मला ते बघवेना. विचार केलाच नाही मी. माइक तोंडाशी धरला आणि ती धाव मी गळ्याने म्हटली. शब्द नाहीत, नुसतं डूम डुडुम डूम, खालपासून वरपर्यंत, जशी वर्षानुवर्षं शेजारी उभं राहून ऐकली होती तशी. ऑपरेशनच्या आधी माझा गळा एवढ्या खाली पोचलाच नसता. आता पोचला. वर जाऊन मी थांबले आणि नानांनी खालून असा काही सूर दिला की मांडवाचे बांबू हलले. शिट्ट्यांनी नुसता गदारोळ झाला. हेडमास्तर हार गळ्यात घेऊन नाचायला उठले!

सामान भरताना मालक नानांचं गिटार हातात घेऊन बघत होते. "नाना, तुम्ही तर पाचवी तार लावणार नव्हता."

"चारच शेतस. मोज."

मी जवळ गेले. माझ्याआधी तेच बोलले. वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "शेवटला सूर जरा चढी गया, अक्का. मूळ मा तसा नही शे."

मला हसू आलं आणि रडू पण. म्हटलं, "नाना, मूळमध्ये तार आहे."

"ते बी खरं शे," म्हणाले, आणि शेंगांचा पुडा काढला. या वेळी मी सगळाच घेतला.

बाकीचं मला नानींनी फोनवर सांगितलं. जाड तार सुटी मिळाली नाही म्हणून पाचांचा अख्खा जोड आणला, चार लावल्या, आणि उरलेली पातळ नानींना भाजीच्या जुड्या बांधायला दिली. दांडीच्या डोक्याकडच्या टोकाशी तारा बसवायच्या खाचा असतात, त्यात जाड तार मावेना, म्हणून दुपारभर दुकानात कानस घेऊन त्या घासत बसले. नानींनी विचारलं, मग आता पातळ तार परत लागेल का? नाही म्हणाले, खाच मोठी झाली. "ते टणटण वाजवायचे ना मधे, लोकांना आवडायचं हो," नानी म्हणाल्या, आणि मग, "यांनाही आवडायचं." मी फोन ठेवून खूप रडले. अशा माणसाला मी टेम्पोत तोंड फिरवून बसले होते! पण नानांना त्याचं काही नव्हतं. पुढच्या कार्यक्रमाला मी माफीचं काहीतरी बोलायला गेले, तर म्हणाले, फुलीवर पाय देऊ नको, खडू पुसला जातो.

भुसावळची मुलगी आली नाही. नवरात्र मीच केलं, आणि त्यानंतरची पण. ती धाव माझीच झाली. आता लोक "वाजव रे नाना"च्या ऐवजी "म्हण वं अक्का" ओरडायला लागले, आणि नाना कनातीकडे बघत खाली सूर धरून उभे राहायचे. प्रत्येक वेळी कार्यक्रमानंतर माझी एखादी तरी चूक सांगायचे. मूळमध्ये असं नाही, मूळमध्ये तसं नाही. पट्टी चार घरं उतरलेली, धाव गिटारची ती बाईच्या गळ्यात, आणि हे अजून मूळ धरून बसलेले!

गेल्या वर्षी नानांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या आणि त्यांनी वाजवणं सोडलं. दुकान मुलगा बघतो. नाना ओट्यावर खुर्ची टाकून बसतात, पाय अजून उघडेच. त्यांच्या जागी आमच्याकडे अमळनेरचा एक जण आलाय, बँकेत कामाला आहे, घरी दोन मुलं. चांगला वाजवतो. त्याचं पाचतारी आहे, नवं कोरं, चकचकीत, डोक्यावर कंपनीचं नाव हे एवढं मोठं. खाली जाड तार, वर पातळ तार, सगळं आहे. पहिल्या कार्यक्रमाला ते नाचगाणं आलं तेव्हा माझ्या मनात आलं, झालं, ही धाव आता त्याची. त्याच्याकडे तार आहे, त्याने वाजवायलाच पाहिजे, त्याचा हक्क आहे. मी मनाची तयारी करून माइक खाली घेतला.

ती जागा आली. सगळे थांबले. त्याने तारांवरून हात उचलला आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हटली. नेहमीसारखी. शेवटचा सूर जरा चढला असेल.

कार्यक्रम झाल्यावर मी त्याला म्हटलं, "अरे, तुझ्याकडे पातळ तार आहे ना? ती जागा बासची असते."

तो म्हणाला, "नाही हो अक्का. मी नानांच्या पाया पडायला गेलो होतो ना, तेव्हा त्यांनी मला समोर बसवून सगळी गाणी सांगितली. या गाण्याचं तर दोनदा बजावलं. म्हणाले, तिथे हात उचलायचा, एक सूर वाजवायचा नाही. मूळ गाण्यातच तिथे बास थांबतो आणि बाई म्हणते."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याने मूळ गाणं नीट ऐकलेलं नव्हतं हे उघड होतं.

"असंच आहे ना, अक्का?"

"हो रे," मी म्हटलं. "मूळमध्ये तसंच आहे."